चाळीस रुपयांतले अडीच

माझ्या धाकट्या भावाचं भोसरी एमआयडीसीत सीएनसी टर्निंगचं वर्कशॉप आहे. माझी मुलगी चाकणच्या एका वाहन कंपनीत खरेदी विभागात काम करते, सगळे म्हणतात तसं 'परचेस'मध्ये. तो माल देणारा, ती माल घेणारी. दोघांचा एकमेकांशी धंद्याचा संबंध नाही आणि येणारही नाही; नोकरीला लागतानाच तिनं नातेवाइकांच्या व्यवसायाची माहिती कंपनीला लिहून दिली आहे. मी स्वतः सरकारी लेखा विभागातून निवृत्त झाले. निविदा, बिलं आणि हरकती यांतच माझी नोकरी गेली, त्यामुळे दोघांचंही बोलणं मला कळतं.

आपल्याकडे उद्योगावर बोलणं होतं ते विक्रीवर, शेअरच्या भावावर, नव्या मॉडेलवर. कारखाना स्वतः खरेदी कशी करतो, याची चर्चा फारशी होत नाही. पिंपरी-चिंचवड, वाळूज, अंबड, गोकुळ शिरगाव इथल्या लहान कारखानदारांचं बरंवाईट मात्र त्याच टेबलावर ठरतं. म्हणून या दोघांचा वाद इथं देते आहे. भावाला त्याच्या एका ग्राहक कंपनीची मेल आली होती. तिथून सुरुवात झाली.

मामा : यंदाही ५ टक्के कमी करा म्हणे. कारण काही नाही. दरवर्षी मागतात, म्हणून यंदाही मागायचे.

भाची : कारण असतं, मामा. तुला ते कुणी सांगत नाही, एवढंच. कंपनीची १०० रुपयांची विक्री झाली असं धर. त्यातले ६५ तुझ्यासारख्यांकडून घेतलेल्या मालाला जातात. पगार, वीज, व्याज, जाहिरात मिळून २७. उरले ८. आता आम्ही खरेदीत २ टक्के वाचवले, तर १ रुपया ३० पैसे सरळ नफ्यात. तेवढाच नफा विक्रीतून काढायचा, तर १६ रुपयांची जास्त विक्री लागते. गाड्यांची विक्री एका वर्षात १६ टक्के वाढवणं काय असतं, हे तुला माहीत आहे. म्हणून मालकांचं लक्ष आमच्या टेबलावर असतं.

मामा : तुझं गणित बरोबर आहे. आता माझं ऐक. माझा एक पार्ट ४० रुपयांना जातो. त्यात २२ रुपयांचं स्टील, ५ रुपये हीट ट्रीटमेंट आणि प्लेटिंगचे, साडेदहा रुपयांत माणसं, मशीन, वीज, टूल्स, भाडं. राहिले अडीच. ४०चे ५ टक्के किती? दोन रुपये. स्टीलवाला मला ५ टक्के कमी करणार नाही, महावितरणही करणार नाही. म्हणजे हे दोन रुपये त्या अडीचातूनच जाणार. तुझ्या कंपनीला तो २ टक्क्यांचा प्रश्न आहे, माझ्या नफ्याचे त्यात पाच भागांतले चार भाग जातात.

भाची : पण तुझे साडेदहा साडेदहाच राहिले पाहिजेत, असं कुठं आहे? आम्ही दर कमी मागतो तो याच गृहीतावर. पहिल्या वर्षी मुलं नवीन असतात, सेटिंगला वेळ जातो, रिजेक्शन जास्त असतं. दुसऱ्या वर्षी सायकल टाइम, म्हणजे एका नगाला लागणारा वेळ, खाली येतो. त्यातला थोडा वाटा आम्हाला द्यावा, इतकंच.

मामा : पहिली दोन वर्षं दिलाच की. आठव्या वर्षी कुठून देऊ? आता सायकल टाइम कमी करायचा तर नवं मशीन हवं. मशीन घ्यायला कर्ज हवं, कर्जाला नफा दाखवावा लागतो, आणि नफा तुम्ही नेलात.

इथं मुलगी थोडी थांबली. तिच्या बाजूनं एक गोष्ट मात्र मला नोंदवायची आहे, कारण बाहेरच्यांना ती दिसत नाही. खरेदी म्हणजे फोन उचलून भाव पाडून मागणं, असा समज आहे. प्रत्यक्षात उत्पादन विभागाकडून आधी मागणीपत्र येतं, म्हणजे इंडेंट. मग डिझाइनवाले ड्रॉइंग पक्कं करतात. पुरवठादार कोण असू शकतात हे तपासलं जातं, त्यांच्याकडे जाऊन ऑडिट होतं, कोटेशन मागवतात, तांत्रिक तुलना, मग दरावर बोलणी, मग ऑर्डर. माल आला की इनवर्डला तपासणी, स्वीकारल्याची नोंद, आणि ऑर्डर, ती नोंद व बिल या तिन्ही कागदांचा मेळ बसला तरच पैसे. मागणारा एक, दर ठरवणारा दुसरा, माल उतरवून घेणारा तिसरा, पैसे देणारा चौथा. ही कामं एका हातात एकवटली, की गडबडीला सुरुवात होते, हे मी नोकरीत पुन्हा पुन्हा पाहिलं आहे.

मामा : ताई, ते मान्य. पण मला पहिली ऑर्डर एका परचेस ऑफिसरनं दिली, तेव्हा माझ्याकडे एकच जुनं लेथ होतं. तो गाळ्यात आला, मी केलेला जॉब मायक्रोमीटर लावून पाहिला, दोन तास बसला आणि म्हणाला, ५०० नग करून दाखव. आज हिच्या ऑडिटमध्ये मी दारातच बाद झालो असतो. प्रमाणपत्र आहे का, इतक्या कोटींची उलाढाल आहे का, लॅब आहे का? त्या माणसानं माझं काम पाहिलं. हे लोक माझी फाइल बघतात.

भाची : तुला चांगला माणूस भेटला. ज्यांना नाही भेटला, त्यांचं काय? ज्यांची साहेबाशी ओळख नव्हती, जे दिवाळीला पाकीट पोचवत नव्हते? त्या काळाबद्दल तूच सांगितलंस मला. आज एखादी मुलगी एकटी वर्कशॉप चालवत असेल, तर तिचंही कोटेशन बाकीच्यांच्या शेजारी, त्याच तक्त्यात बसतं. आणि दुसरं, ब्रेकचा किंवा स्टिअरिंगचा पार्ट फुटला तर माणूस मरतो. तिथं 'मी काम पाहिलं, मला पटलं' एवढ्यावर कसं भागेल? कुठल्या हीटचं स्टील, कुठल्या बॅचचं, कुणी तपासलं, हे दहा वर्षांनी विचारलं तरी सापडायला हवं.

मामानं मान हलवली. ब्रेकच्या पार्टवर तो वाद घालत नाही. मग तो टोयोटावर आला. एका पुरवठादार मेळाव्यात जपानी तज्ज्ञानं सांगितलेली ही गोष्ट त्याच्या मनात पक्की बसली आहे.

मामा : १ फेब्रुवारी १९९७. पहाटे टोयोटाला पार्ट पुरवणाऱ्या आयसिन सेकीच्या जपानमधल्या कारिया इथल्या कारखान्याला आग लागली. तिथं ब्रेकसाठीचा प्रपोर्शनिंग व्हॉल्व्ह बनायचा. मुठीत मावेल एवढा पार्ट, पण टोयोटाच्या जवळजवळ सगळ्या गाड्यांना तोच लागायचा. टोयोटाकडे साठा अगदी थोडा, कारण लागेल तेव्हाच माल मागवायची त्यांची रीत. काही दिवसांत जपानमधले त्यांचे कारखाने बंद पडायला लागले. सगळ्यांना वाटलं, आता महिने जाणार. झालं काय? आयसिननं ड्रॉइंग वाटली, आणि २००च्या आसपास कंपन्या कामाला लागल्या. शिलाई मशीन बनवणारी ब्रदरसुद्धा! ज्यांनी आयुष्यात हा व्हॉल्व्ह केला नव्हता, त्यांनी आपली मशीनं त्यासाठी मोकळी केली. आधी दर ठरवा, ऑर्डर पाठवा, असं म्हणत कुणी अडून बसलं नाही. हिशेब नंतर झाला. आठवड्याभरात गाड्या पुन्हा निघायला लागल्या. आता मला सांग, ज्यांनी दरवर्षी ५ टक्क्यांसाठी माझी मान पिरगाळली, त्यांच्याकडे आग लागली तर मी रात्री गाळा उघडेन का?

भाची : उघडशील. मी तुला ओळखते.

मामा : तुझ्यासाठी उघडेन. त्यांच्यासाठी नाही.

भाची : बरं. पण हीच गोष्ट आम्हाला कशी शिकवतात, ते ऐक. आमचा पहिला प्रश्न असतो, जवळजवळ सगळा माल एकाच कारखान्यातून का घेत होते? स्वस्त पडतो, जुना विश्वास आहे, दर्जा उत्तम आहे, म्हणून. म्हणजे ज्या नात्यावर तुझा इतका जीव आहे, त्याच नात्यानं आधी त्यांना अडचणीत टाकलं, मग सोडवलं. दुसरा पुरवठादार आधीच तयार असता, तर एवढ्या पराक्रमाची गरजच पडली नसती. मी दुसरं कोटेशन मागते तेव्हा तुला तो अपमान वाटतो. माझ्या लेखी ती आगीची तयारी आहे.

एकाच घटनेतून दोघांनी काढलेले हे दोन अर्थ मला बराच वेळ पुरले. दोन्ही खरे आहेत, पण सारख्या वजनाचे आहेत असं मी म्हणणार नाही. दुसरा पुरवठादार उभा करणं ही व्यवस्था आहे, पैसे टाकले की होते. २०० कंपन्यांनी दर न विचारता धावून येणं पैसे टाकून होत नाही. त्यामागे अनेक वर्षं वेळेवर दिलेले पैसे असतात, अडचणीत पाठवलेले इंजिनिअर असतात, आणि काम उद्याही आपल्याकडेच राहील ही खात्री असते. तीसुद्धा खरेदी विभागाचीच कमाई आहे. ताळेबंदात मात्र तिला रकाना नाही.

मुलीनंच मग उलट बाजूचं उदाहरण काढलं. तिच्यातला हा प्रामाणिकपणा मला आवडतो.

भाची : १९९२ मध्ये जनरल मोटर्समध्ये होसे इग्नासिओ लोपेझ जगभराच्या खरेदीचे प्रमुख झाले. त्यांनी चालू करार बाजूला ठेवले आणि सगळ्यांना नव्यानं बोली लावायला सांगितली, एकदा, दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा. कंपनी तोट्यात होती, पैसे वाचले आणि पुष्कळ वाचले. लोपेझ वर्षभरात फोक्सवागनला गेले. कागदपत्रं सोबत नेल्याच्या आरोपावरून दोन्ही कंपन्यांत जो खटला झाला, तो १९९७ मध्ये फोक्सवागननं १० कोटी डॉलर देऊन आणि १०० कोटी डॉलरचे पार्ट घ्यायचं कबूल करून मिटवला. पण जनरल मोटर्सचं खरं नुकसान वेगळंच होतं. पुरवठादार नवं तंत्र आधी दुसऱ्या गाडीवाल्यांकडे न्यायला लागले. तुमच्याकडे आणलेलं ड्रॉइंग उद्या स्वस्त बोली लावणाऱ्याच्या टेबलावर जाणार असेल, तर कोण आणेल?

मामा : हे मला आजवर कुणी सांगितलं नव्हतं. मेळाव्यात सांगत नाहीत.

भाची : सगळ्यांना एकाच मापानं मोजू नये, हेही आम्हाला शिकवतात. पीटर क्राल्जिक यांनी १९८३ मध्ये एक तक्ता मांडला. प्रत्येक मालाबद्दल दोनच प्रश्न विचारायचे. आपल्या नफ्यावर याचा परिणाम किती, आणि हा मिळणं किती अवघड? त्यातून चार घरं होतात. हातमोजे, स्टेशनरी यांच्यावर वेळ घालवायचा नाही. ज्याचा परिणाम मोठा आणि देणारे थोडे, त्याच्याशी दीर्घ नातं जोडायचं. जो स्वस्त आहे पण कुठंच मिळत नाही, त्याचा साठा करायचा, त्याला जपायचं. २०२१ मध्ये चिपनं हेच दाखवलं. २०२० च्या लॉकडाउनमध्ये गाडीवाल्यांनी चिपच्या ऑर्डरी कमी केल्या, कारखानदारांनी ती जागा फोन आणि लॅपटॉपला दिली. गिऱ्हाईक परत आलं तेव्हा गाडीवाले रांगेत शेवटी. सप्टेंबर २०२१ मध्ये उत्पादन नेहमीच्या ४० टक्क्यांच्या आसपास राहील, असं मारुतीनं जाहीर केलं होतं. काही लाखांची गाडी एका छोट्या चिपवाचून अडली.

मामा : आणि माझा पार्ट कुठल्या घरात?

ती लगेच बोलली नाही.

भाची : खर्च मोठा, देणारे भरपूर. तिथं चढाओढ लावायची, असं तक्ता सांगतो.

मामा : म्हणजे मी चांगलं काम करतो की वाईट, याला त्या तक्त्यात जागाच नाही. भोसरीत माझ्यासारखे किती आहेत, यावर माझा भाव.

भाची : घर बदलता येतं, मामा. तू नुसतं टर्निंग देतोस, म्हणून तिथं आहेस. टर्निंग, ग्राइंडिंग, प्लेटिंग आणि असेंब्ली मिळून तयार वस्तू दिलीस, किंवा आमच्या डिझाइनवाल्यांना 'हा व्यास अर्ध्या मिलीमीटरनं बदला, बार कमी वाया जाईल' असं सांगितलंस, तर तुझी जागा घ्यायला दहा जण उभे राहणार नाहीत.

मामाचा चेहरा उतरला होता, आणि मुलीला ते दिसत होतं. या टप्प्यावर मी बोलले. दर कमी मागणं समजू शकतं, पण ठरलेले पैसे ठरलेल्या दिवशी न देणं याला मी व्यवस्थापन मानत नाही. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्यात स्पष्ट आहे. लहान उद्योगाचं बिल करारात मुदत असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि लेखी करार नसेल तर १५ दिवसांत द्यायचं. उशीर झाला, तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट व्याज, तेही दरमहा चक्रवाढीनं. २०२३ च्या वित्त कायद्यानं त्यावर आयकराची कात्री लावली. मुदतीत न दिलेलं बिल खरेदीदाराला त्या वर्षीचा खर्च म्हणून दाखवता येत नाही, प्रत्यक्ष पैसे देईल त्या वर्षीच ते धरलं जातं. सूक्ष्म आणि लघु उद्योगांच्या बिलांना हे २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून लागू झालं.

मामा : ताई, व्याज मागायचा हक्क मला आहे. मागितलं, तर पुढची ऑर्डर येणार नाही. आधी ९० दिवसांनी पैसे यायचे, आयकराच्या या कायद्यानंतर फरक पडला, खोटं नाही सांगत. पण आता नवीन पद्धत निघाली आहे. मालच उशिरा 'स्वीकारतात'. गेटच्या आत आलेला माल दहा-पंधरा दिवस तपासणीत पडून असतो, आणि दिवस मोजायचे स्वीकारल्यापासून.

भाची : ते चूकच आहे. आणि कंपनीच्या दृष्टीनंही मूर्खपणाचं आहे, हे मी मीटिंगमध्ये बोलले आहे. तुझं कर्ज किती टक्क्यांनी?

मामा : १२.

भाची : मोठ्या कंपनीला त्याहून दोन-तीन टक्क्यांनी स्वस्त मिळतं. ४० रुपये ९० दिवस अडकले, तर तुझ्या १२ टक्क्यांनी सुमारे १ रुपया १८ पैसे व्याज. हे व्याज हवेत जात नाही, आज ना उद्या ते तुझ्या कोटेशनमध्ये येतं. म्हणजे स्वस्त पैसा हाताशी असताना कंपनी महाग पैशावर आपला माल बनवून घेते. खरेदी विभागाला वाटतं दर मिळाला, वित्त विभागाला वाटतं रोकड हातात राहिली, आणि दोघांच्या मध्ये पार्ट महाग होतो. त्यापेक्षा बिल 'ट्रेड्स' या बिलं वटवायच्या ऑनलाइन मंचावर टाकावं. आम्ही बिल मान्य केलं की बँका त्यावर बोली लावतात, तुला काही दिवसांत पैसे मिळतात, व्याज आमची पत पाहून ठरतं. २५० कोटींहून जास्त उलाढालीच्या कंपन्यांना तिथं नोंदणी आता सक्तीची आहे.

मामा : नोंदणी सक्तीची आहे. बिल टाकणं नाही.

यावर तिच्याकडे उत्तर नव्हतं. माझ्याकडेही नाही.

मग तिनं विषय फिरवला आणि विचारलं, 'तुझ्या प्लेटिंगवाल्याला तू किती दिवसांनी पैसे देतोस?' मामा म्हणाला, 'माझे आले की.' म्हणजे कधी दोन महिने, कधी तीन. तो प्लेटिंगवाला मामाहून लहान आहे. निकेल आणि केमिकल तो रोखीनं घेतो. मामानं त्याच्याकडून दर कधी पाडून घेतला नाही, याचा त्याला अभिमान आहे. पण वरून आलेला उशीर त्यानं जसाच्या तसा खाली ढकलला. आणि स्टील? 'एकाच व्यापाऱ्याकडून, पहिल्यापासून.' दुसरीकडे भाव विचारला होता का? नाही. २२ रुपयांचं स्टील घेताना जो कधी दुसरीकडे भाव विचारत नाही, तो अडीच रुपयांसाठी झुरतो आहे, हे तिनं त्याला सौम्यपणे, पण सोडून न देता सांगितलं. त्या २२ वरचे २ टक्के म्हणजे ४४ पैसे. खरेदी हे मोठ्या कंपन्यांचंच काम असतं, हा समज लहान कारखान्यांत खोल रुजलेला आहे आणि तो त्यांना महाग पडतो.

सरकारात आम्हीही सर्वांत कमी बोलीला काम देत राहिलो. ते सुरक्षित होतं. कमी दर सोडून दुसऱ्याला काम दिलं, तर खुलासा द्यावा लागे. वाईट काम झालं, तर नियमाप्रमाणेच दिलं होतं असं म्हणता येई. ऑक्टोबर २०२१ मध्ये केंद्रीय अर्थ मंत्रालयानं ठरावीक कामांत गुणवत्तेला ३० टक्क्यांपर्यंत वजन द्यायला परवानगी दिली. उशिरा का होईना, कमी दर म्हणजे कमी खर्च नव्हे हे कागदावर आलं. खासगी कंपनीला तर लेखापरीक्षणाची तेवढी भीती नाही. तिथला खरेदी अधिकारी लाइन थांबल्याचा, रिजेक्शनचा, परत आलेल्या गाड्यांचा खर्च दरात मिळवून पाहू शकतो. पण त्याचं वर्षाअखेरचं मूल्यमापन 'किती दर कमी केलास' यावरच होत असेल, तर तो का पाहील? दोष त्या एका माणसावर ढकलून चालणार नाही. त्याला काय मोजायला सांगितलं आहे, हे वरच्यांनी तपासावं.

शेवटी दोघं ग्राहक कंपनीला उद्या पाठवायच्या उत्तराच्या मेलवर आले. तिनं सुचवलं, ५ टक्क्यांना नुसतं नाही म्हणू नकोस. स्टील, बाहेरची कामं, मशीनचा वेळ, रिजेक्शन, नफा असं फोडून लिही. स्टीलचा भाव करारातच बाजारभावाला बांधून घे, तीन महिन्यांनी वर गेला तर वर, खाली आला तर खाली. मशीनच्या वेळेत काय कमी होऊ शकतं ते तूच सांग, आणि वाचेल त्यातलं निम्मं माग.

मामा : म्हणजे माझे अडीच रुपये त्यांना दाखवायचे.

भाची : हो.

मामा : ज्या दिवशी दिसतील, त्या दिवशी कुणीतरी म्हणेल, दीडमध्ये भागव. आज निदान त्यांना माहीत नाही, किती आहेत.

भाची : त्यांना अंदाज असतोच. आमच्याकडे कॉस्टिंगचा वेगळा विभाग आहे. स्टीलचा भाव, मशीनचा तासाचा दर, सगळं त्यांच्याकडे असतं. तू लपवतोस ते फक्त स्वतःचा मुद्दा मांडायची संधी.

मामा : तू माझ्या समोरच्या खुर्चीत असतीस, तर दिलं असतं लिहून.

भाची : मी त्या खुर्चीत बसू शकत नाही. पण जो बसेल, त्याला दीड रुपया म्हणायची हिंमत होऊ नये, इतका चोख तक्ता आपण करू. लॅपटॉप आणते.

स्टील, बाहेरची कामं, मशीन आणि रिजेक्शन, इतके रकाने त्या संध्याकाळी भरून झाले. नफ्याच्या रकान्यात खरा आकडा लिहायचा की नाही, यावर ते अजून बोलत आहेत. प्लेटिंगवाल्याचे थकलेले पैसे मामानं त्याच आठवड्यात दिले.